माफी नसलेलं बटन

तायडे सरांनी एक बटन तयार करायला सात महिने घेतले. शर्टाचं नाही. त्यांच्या शर्टाला वरचं बटन कधी नव्हतंच, तिथे सेफ्टी पिन असायची. हे बटन कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं. राखाडी, चौकोनी, तुम्ही-आम्ही दिवसातून शंभरदा दाबतो आणि विसरून जातो, तसलं. आठव्या महिन्यातल्या एका सोमवारी ते स्टाफरूममध्ये आले, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "झालं बाप्पा एकदाचं. दाबलं की आत जाते, सोडलं की बाहेर येते."

आम्ही विचारलं, "आणि मग?"

"मंग काय? बटन हाये ते. अजून काय करीन?"

अमरावतीच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये तायडे सर लॅब इन्स्ट्रक्टर होते. मी आधी त्यांचा विद्यार्थी. नंतर पुण्याला जाऊन शिकून आलो आणि त्यांचा विभागप्रमुख झालो. म्हणजे ज्यांनी मला कॉम्प्युटरचा मेन स्विच दाखवला, त्यांच्या रजेच्या अर्जावर मी सही करायचो. याचा त्यांना कधी त्रास झाला नाही. मला मात्र भल्ला आनंद व्हायचा, हे आत्ताच कबूल करून टाकतो. पुढे माझ्या शरमेची गोष्ट येणार आहे. तेव्हा आधी जरा हसून घेऊ, नंतर मला तोंड उरणार नाही.

कॉम्प्युटरवर बटन, यादी, सरकपट्टी वगैरे गोष्टी आजकाल कोणी हाताने बनवत नाही. तयार मिळतात. एक ओळ लिहिली की बटन हजर. तायडे सरांना हे मान्य नव्हतं. ते सगळं असेंब्ली भाषेत लिहायचे. ही भाषा कॉम्प्युटरच्या पोटातल्या चिपच्या सर्वांत जवळची. तिच्यात फार काही बोलता येत नाही. हे उचल, तिथे ठेव, त्यात एक मिळव, शून्य आलं तर तिकडे उडी मार. बस. एवढ्याशा शब्दांत खिडकी उभी करायची, तिच्यात बटन बसवायचं, बटनाच्या वरच्या कडेला पांढरी रेघ आणि खालच्या कडेला काळपट रेघ ओढून ते फुगल्यासारखं दाखवायचं, आणि दाबल्यावर त्या रेघा उलट करायच्या. गव्हाचा एकेक दाणा मोजून पोळी करण्यातला प्रकार.

"सर, तयार मिळते ना," असं कोणी म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं. "मधात दलाल नोको." सरांचं गाव शेंदूरजनाघाट. घरची संत्र्याची बाग होती आणि वडलांचं सगळं आयुष्य दलालाशी भांडण्यात गेलेलं. "संत्र्याले दलाल, कांद्याले दलाल, आता बटनालेही दलाल लावू का? मले मशिनीशी बोलाचं हाये त मीच बोलीन."

त्या भाषेचे नियम त्यांच्या अंगात इतके मुरले होते की माणसापेक्षा तेच जास्त दिसायचे. चिपमध्ये काही खण असतात. तुमचा प्रोग्राम दुसऱ्याच्या कामात मध्येच घुसला, तर त्यातले काही खण वापरून झाल्यावर होते तसे ठेवून निघावं लागतं. तायडे सर हे खुर्च्यांनाही लावायचे. कोणाच्याही केबिनमध्ये बसून उठले की खुर्ची आधी होती त्याच कोनात परत. माझ्या केबिनमध्ये एकदा त्यांनी माझाच पेन उचलून काहीतरी खरडलं आणि मग पेन ठेवायला दोन मिनिटं लावली, कारण आधी त्याचं टोपण दाराकडे होतं की खिडकीकडे, ते त्यांना आठवेना. "दुसऱ्याच्या घरी गेलो त पाट-तांब्या जिथला तिथं," असं म्हणायचे.

डब्याचंही तेच. त्यांचा तीन कप्प्यांचा डबा. शेवटी ठेवलं ते आधी काढायचं, हा त्या भाषेतला दुसरा नियम, त्याला स्टॅक म्हणतात. त्यामुळे वरचा डबा पहिला, मग मधला, मग खालचा. मधल्या डब्यातल्या वांग्याचा वास सुटला तरी वरचा भात संपल्याशिवाय हात लावायचे नाहीत. फक्त सोमवारी हा नियम मोडायचा. सरांचं घर अकोल्याला, जठारपेठेत. आठवडाभर ते अमरावतीत खोली करून राहायचे, शनिवारी दुपारी घरी जायचे आणि सोमवारी सकाळी घरचा डबा घेऊन परत यायचे. तर सोमवारी ते सगळ्यात आधी खालचा डबा उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे, आणि मग पुन्हा शहाण्यासारखे वरून सुरुवात करायचे. आम्ही चिडवायचो, "आज सोमवार, सरांचा स्टॅक उलटा!" ते नुसते डोळ्यांनी हसायचे. पुढे कधीतरी ते खालचा डबा आधी उघडेनासे झाले. आमच्या लक्षात आलं, पण विचारायचं सुचलं नाही.

बटनाचं वेड मात्र साधं नव्हतं. लोकांच्या घरी गेले की दारावरची बेल दाबून धरायचे आणि कान लावून ऐकायचे. "दाबल्यावर वाजली का सोडल्यावर?" आतून माणूस धावत यायचा, हे त्यालाच विचारायचे. राजकमल चौकाजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांनी फळ्यावर लावलेले सगळे स्विच एका बाजूने दाबत नेले. दुकानदार म्हणाला, "काका, घ्याचं हाये का नुसतं गुदगुल्या करून राहिले?" सरांनी घेतला एक, बिचाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून.

या बेलवरूनच त्यांनी आम्हाला त्यांचा आवडता धडा शिकवला होता. मी दुसऱ्या वर्षाला होतो. सर फळ्यावर एक चौकोन काढून म्हणाले, "पोट्टेहो, बेल दाबल्याबरोबर वाजते. कॉम्प्युटरचं बटन तसं नसते. ते सोडल्यावर काम करते. काऊन? त म्हणलं, माणसाचं मन बदलू शकते. दाबलं, आणि वाटलं की नोको रे बाबा. मंग काय कराचं? दाबलेलं तसंच धराचं, बाण बटनाच्या बाहेर सरकवाचा, आणि मंग सोडाचं. काईच होत नाई. याले म्यां नाव ठेवलं माफी. चांगल्या बटनात माफीची सोय पायजे."

तुम्ही करून बघा. अजूनही जगातली बहुतेक बटनं अशीच वागतात. मला तो धडा इतका आवडला होता की पुण्यातल्या मुलाखतीत मी तो स्वतःचा म्हणून सांगितला.

पुण्यात मी आणखी एक गोष्ट शिकलो. 'मले' म्हटलं की लोक हसतात. सुरुवातीला हसणाऱ्यांचा राग यायचा. सहा महिन्यांनी मी 'मला' म्हणायला लागलो. वर्षभराने गावचं कोणी खोलीवर आलं आणि 'काऊन बे' म्हणालं की मीच इकडेतिकडे बघायचो, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. अमरावतीला परत आलो तो हा रोग घेऊनच. तायडे सर माझ्याशी आधीसारखेच बोलायचे आणि मी त्यांना 'होय सर, नक्कीच सर' अशी उत्तरं द्यायचो.

तायडे सर दरवर्षी एक अर्ज द्यायचे. 'मी केलेलं काम एकदा स्टाफला दाखवायची संधी मिळावी, वेळ पंधरा मिनिटं.' दरवर्षी तो अर्ज माझ्याकडे यायचा आणि दरवर्षी मी लिहायचो, 'पुढील सत्रात विचार करू'. त्यांच्या निवृत्तीला एक महिना राहिला, तेव्हा प्राचार्यांनीच मला सांगितलं, "त्या पुण्याच्या कंपनीचे पाहुणे येऊन राहिले ना, त्याच कार्यक्रमात तायडे सरांनाही पंधरा मिनिटं द्या. शेवटचंच आहे."

ते पाहुणे मी आणले होते. आमच्या मुलांना त्यांनी नोकरीसाठी निवडावं म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो होतो. त्यांच्यासमोर हे सेफ्टी पिनवाले सर असेंब्लीत केलेलं बटन दाखवणार!

त्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गेलो तर मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या काढून भिंतीला लावलेल्या. वाट नको तेवढी रुंद. मी आमच्या शिपायावर, रामदासभाऊंवर ओरडलो. "हे कोणी केलं? लावा परत, पाहुण्यांना हॉल रिकामा दिसेल." रामदासभाऊ काहीतरी सांगायला लागले, मी ऐकलं नाही. खुर्च्या परत लागल्या.

दारात एक बाई उभ्या होत्या. साधी सुती साडी, दोन्ही हात पदराखाली गुंडाळलेले. कोणातरी मुलाची आई दाखल्यासाठी आली असेल असं मला वाटलं. मी म्हणालो, "मावशी, दाखल्याची खिडकी तिकडे आहे." त्या काहीतरी बोलल्या, आवाज इतका बारीक की मला ऐकू आला नाही. मग त्या हळूहळू चालत जाऊन शेवटच्या रांगेत बसल्या. पुन्हा हटकणार होतो, तेवढ्यात पाहुणे आले.

तायडे सर नवा शर्ट घालून आले होते. वरचं बटन लावलेलं होतं. पांढऱ्या शर्टावर काळ्या दोऱ्याने, स्वतःच शिवल्यासारखं. पेन ड्राइव्ह लावून त्यांनी प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर एक मोठी खिडकी आली. तिच्यात अ-आ-इ-ईपासून ज्ञपर्यंत सगळी अक्षरं, प्रत्येक अक्षर एका भल्यामोठ्या बटनावर. कोपऱ्यात, जिथे खिडकी बंद करायची फुली असते, तिथे एक बटन आणि त्यावर लिहिलेलं 'येते'.

मागून कोणीतरी म्हणालं, "बालवाडी." हॉलमध्ये थोडं हसू पसरलं.

सर बोलायला लागले. "हे खिडकी, हे बटनं, सगळं मी सोता लिहिलं हाये. मधात कोणी दलाल नाई." पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. सर बोलताना सारखे मागच्या भिंतीकडे बघत होते. तिथे घड्याळ आहे, मला वाटलं वेळ बघताहेत. "आता हे कामाचं कसं हाये, ते दाखवासाठी..." असं म्हणून ते थांबले आणि त्यांनी मागे बघत हात अर्धवट वर केला.

आणि मी उठलो. "एक मिनिट सर." मी माऊस घेतला. मला तो कार्यक्रम वाचवायचा होता, म्हणजे मला स्वतःला वाचवायचं होतं. माझा काही या प्रकाराशी संबंध नाही, मी वेगळा आहे, हे पाहुण्यांना दिसायला हवं होतं. मी 'क' दाबला, बाण बाहेर सरकवला आणि सोडला. पडद्यावर 'क' उमटला.

"अरेच्चा!" मी पाहुण्यांकडे वळून म्हणालो. "सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, चांगल्या बटनात माफीची सोय पाहिजे? तुमच्या बटनात तर माफीच नाही!"

हॉल हसला. मला चेव आला. मी 'ख' पटापट पाच वेळा दाबला. एकच 'ख' आला. "आणि बटन बहिरंही आहे. पाचदा हाक मारली, एकदा ऐकलं."

आणखी हसले. मग मी त्या कोपऱ्यातल्या बटनाकडे बाण नेला. "आणि हे पाहा, येते! हे आमचं वऱ्हाडी व्याकरण आहे बरं का. पुण्यात तो येतो आणि ती येते. आमच्याकडे तोही येते आणि तीही येते. शुद्ध मराठीची गाडी बडनेरा स्टेशनाच्या पुढे अमरावतीत आलीच नाही."

पाहुणे तोंडावर रुमाल धरून हसले. मी जिंकलो होतो. "चला, खिडकी स्वतःच येते म्हणतेय, तर जाऊ द्या तिला," असं म्हणून मी रिमोटने प्रोजेक्टर बंद केला.

तायडे सर एवढंच म्हणाले, "तसंच ठेवलं हाये ते." मग त्यांनी पेन ड्राइव्ह काढला. माऊस होता त्या जागी ठेवला. खुर्ची होती त्या कोनात लावली, आणि मधल्या वाटेतून, खुर्च्यांमधून अंग चोरत मागे गेले. त्या बाईही उठल्या होत्या. दोघं एकाच वेळी बाहेर गेले, यात मला काही विशेष वाटलं नाही. मी पाहुण्यांना संत्र्याचा रस देत होतो.

चार दिवसांनी रामदासभाऊंनी चहा ठेवता ठेवता विचारलं, "सर, तायडे सरायच्या मिसेसची तब्येत कशी हाये आता?"

"त्यांना काय झालं?"

"काय झालं म्हंजे? तुमी पायलं नाई का त्याहिले? मांगच्या रांगेत नव्हत्या बसल्या? हात लय थरथरते त्याहिचे, चालाले वेळ लागते. सरायनं सकाळीच मले सांगतलं होतं, त्या समोर येऊन बटन दाबून दाखवणार हायेत, त मधातल्या खुर्च्या काढून ठेव म्हणून." मग ते जरा थांबले. "तुमी लावाले लावल्या ना परत."

चहा तसाच राहिला. त्या दिवशी मी जे जे केलं, ते एकामागून एक समोर यायला लागलं. दाखल्याची खिडकी. खुर्च्या. सरांनी अर्धवट वर केलेला हात. थरथरणारा हात बटन दाबतो आणि सोडेपर्यंत बाण बाहेर गेलेला असतो. थरथरणारा हात एकदा दाबायला जातो आणि पाचदा दाबलं जातं. हे मला, विभागप्रमुखाला, पाच सेकंदांत कळायला हवं होतं. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती. कान गरम झाले, खरोखर.

आणि मी काय केलं? काही नाही. सर समोरून आले की मी फोन कानाला लावायचो. निरोप समारंभात मी त्यांना शाल घातली, नारळ दिला, आणि 'तायडे सर म्हणजे एक चालती-बोलती संस्था' असलं काहीतरी बोललो, त्यांच्या चपलांकडे बघत. तायडे काकू आल्या नव्हत्या. कशाला येतील? त्यानंतर आठ महिने मी रोज ठरवायचो की या रविवारी अकोल्याला जायचं, आणि रोज रविवार लांब असल्याचं मला बरं वाटायचं. पुण्याच्या त्या पाहुण्यांनी आमचा एकही मुलगा घेतला नाही, हेही सांगून टाकतो.

शेवटी एका रविवारी बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर येईपर्यंत माफीचं भाषण तीनदा बदललं. जठारपेठेत घर शोधून बेल दाबली आणि बोट काढायला विसरलो. दार उघडलं. तायडे सर, बनियनवर.

"दाबल्यावर वाजते ते," ते म्हणाले. "सोड आता."

मी आत गेलो. खिडकीशी काकू बसल्या होत्या, समोर जुना कॉम्प्युटर. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. "सर, काकू, त्या दिवशी माझ्याकडून जो प्रकार घडला, त्याबद्दल मी मनापासून दिलगिरी..."

"काऊन रे, बातम्या वाचून राहिला का?" सर म्हणाले. "बस आधी. आपल्या भाषेत बोल."

मी बसलो. "चुकलं माह्यं, सर," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी 'माह्यं' म्हणालो.

काकूंनी हाताने थांब अशी खूण केली. त्यांचा आवाज जवळजवळ गेलेला. त्या कॉम्प्युटरकडे वळल्या. तीच खिडकी, तीच बालवाडी. सर माझ्या शेजारी बसले आणि हलक्या आवाजात सांगायला लागले. काकू अकोल्याच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. अक्षर असं, की बाजूच्या वर्गातली पोरं फळा बघायला यायची. लग्नापासून दर सोमवारी त्या सरांच्या डब्यात, सगळ्यात खालच्या डब्याच्या झाकणाला आतून, एक चिठ्ठी चिकटवून द्यायच्या.

"तोच का सोमवारचा उलटा स्टॅक?" माझ्या तोंडून निघालं.

"हाव. तिचं शुद्धलेखन लय कडक. म्यां उत्तर लिहिलं की लाल पेननं तपासून परत." सर हसले. "मंग तिच्या हाताले कंप सुटला. अक्षर बिघडलं, तिनं लिहिणंच सोडून देलं. मोबाईलवर एक अक्षर दाबाले जाते त तीन येतात. बोलून लिहाले जाते त तो मोबाईल म्हणते, समजलं नाई, पुन्हा बोला. म्हणून मंग बटन. पण म्यां केलेलं बटन तिच्या हाताले जमते का नाई, ते फक्त रविवारी कळाचं ना. सोमवार ते शनिवार बदल कराचा, रविवारी तिनं दाबून पाहाचं. सात महिने लागले त्याच्यानं."

आम्ही कोणी विचारलं नव्हतं ते हे.

काकू लिहीत होत्या. बाण 'य'वर गेला, बाजूला गेला, परत आला. बोट दाबलं गेलं, तेवढ्यात हात उडाला आणि बाण 'र' ओलांडून 'ल'वर गेला, तिथे सुटला. पडद्यावर 'य' उमटला. जिथे दाबलं होतं, तेच.

"थरथरत्या हाताले माफी काऊन देऊ?" सर म्हणाले. "बोट सरकलं म्हणून तिचं मन थोडीच बदललं?"

सरांनी चहा आणला, तो निवला. चहा निवेपर्यंत तीन शब्द झाले होते. 'येते शुद्ध आहे.' मी वाचलं. काकूंनी मान हलवली, अजून थांब. पुढे आलं, 'प्रथमपुरुष. स्त्रीलिंग.' आणि मग बऱ्याच वेळाने, 'तुला शून्य.'

मी हसलो. ते 'येते' सरांच्या वऱ्हाडी तोंडचं नव्हतं, मराठीच्या बाईंचं होतं. घरातून निघताना बाईमाणूस म्हणते ना, येते मी, ते. जाते म्हणायचं नसतं म्हणून. आणि मी भर हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत त्याच बाई बसलेल्या असताना, व्याकरण शिकवलं होतं. काकूही हसल्या. मी हसतच राहिलो आणि मग मला कळलं की ते हसणं नाहीये. रुमाल सापडेना. सरांनी पंचा पुढे केला.

काकू दमल्या होत्या. त्यांनी बाण कोपऱ्यात नेला आणि 'येते' दाबलं. त्या दिवशी मी बाण फक्त तिथवर नेला होता. बटन दाबायच्या आधीच प्रोजेक्टर बंद केला होता. खिडकी लगेच मिटली नाही. मध्ये एक लहानसा चौकोन आला. त्यात लिहिलं होतं:

'ये. वाट पाहून राहिलो.'

खाली एकच बटन, 'हाव'. काकूंनी ते दाबलं, बोट सरकलं, चाललं. खिडकी मिटली.

सर माझ्याकडे बघत नव्हते. बनियनची कड ओढत होते. "मी आठवडाभर अमरावतीले असो ना," ते म्हणाले. "संध्याकाळी तिनं हे बंद केलं की घरात बोलाले कोणी नाई. मंग कोणी तरी म्हणाले पायजे."

"सर, त्या दिवशी काकू समोर येऊन हेच..."

"नाई रे बाबा! ते नाई." ते दचकलेच. "तिनं फक्त तिचं नाव लिहून दाखवाचं, एवढंच ठरलं होतं. तो चौकोन काढून टाकाचं मी साफ विसरून गेलतो. खोलीवर आल्यावर ध्यानात आलं. प्राचार्य, पाहुणे, आणि समोर एवढ्या मोठ्या अक्षरात बायकोले लिहिलेलं! मी त शरमेनं मेलो असतो." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू ऐन वक्तावर प्रोजेक्टर बंद केला, ते लय बरं केलं, संतोष. तुले सांगाचंच राहून गेलतं. आठ महिने झाले, तू भेटलाच नाई."

मी अकोल्याला माफी मागायला गेलो होतो आणि माझे आभार मानले गेले. मनापासून मानले. त्यात कुठेही टोमणा नव्हता, मी शोधून पाहिला.

निघताना मी खुर्ची आधी होती त्याच कोनात लावली. दारात पोचलो आणि नेहमीचा एक शब्द म्हणायचा होता, तो आधी मनात घोकला. सर थांबले होते. काकूही मान वळवून बघत होत्या, आता हा काय म्हणतो ते तपासायला.

"येतो," मी म्हणालो.

काकूंनी मान डोलावली. बरोबर होतं.